उघडू नये

रॉस्को,

बिअरच्या पिंपावर मी ‘उघडू नये’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. या दोन शब्दांचा तुला आणखी काही अर्थ लागला असल्यास जरूर कळव.

या पेल एल बिअरची कृती बसवायला मला सात खेपा लागल्या. कडूपणा बेताचा राहून सुगंध पुढे यावा, म्हणून हॉप्सच्या वेलीचे निम्म्याहून अधिक कडवट तुरे आच बंद केल्यावर घातले. उरलेले गेल्या आठवड्यात पिंपात सोडले. त्यानंतर आत हवा जाता कामा नये, हे तुला दोनदा बजावले होते. तरी रोज संध्याकाळी मित्र जमवून तू झाकण उचलत राहिलास. जाब विचारला, तेव्हा म्हणालास, “दादा, वासच तर घेतला! वास घेऊन काय बिअर संपते?”

संपली. सोनेरी बिअर तपकिरी पडली असून तिला भिजल्या पुठ्ठ्याची चव आली आहे. शनिवारी यॅकिमाच्या जत्रेतील स्पर्धेला ती तूच घेऊन जा. अर्जावरील माझे नाव मी खोडले आहे.

मी विनीताईकडे राहायला जात आहे. सातही खेपांतून जपलेली यीस्टची बरणी फ्रिजमधून काढून सोबत नेत आहे. तिलाही झाकण आहे.

लायनेल