आईचा अल्सर

डोंबिवली,
१२ नोव्हेंबर १९९३

प्रिय मालन,

आईच्या अल्सरला लवकर उतार पडो, असं लिहिलेलं तुझं पत्र पोचलं. मी ते तिला वाचून दाखवलं. आवाज जरासुद्धा कापला नाही. शाळेत सत्यावरची सुभाषितं मुलांकडून घोकून घ्यायची आणि घरी येऊन चोख थापा मारायच्या, हा माझा चार महिन्यांचा नित्यक्रम. कॅन्सर हा शब्द आईसमोर काढायचा नाही, अशी जुलैत इंदूरला परतताना तू मला गळ्याची शपथ घातलीस. मला तरी कुठे सांगायचं होतं? तिच्या तपासण्यांच्या फायलीवर मी स्वतःच वळणदार अक्षरात ‘आईचा अल्सर’ असं लिहून टाकलं.

नवरात्राच्या आधीपासून दुखणं फार वाढलं. विचारलं की आपलं ‘बरं आहे रे, जरा जळजळतंय.’ मग एक दिवस पडून पडून झालेल्या तिच्या पाठीच्या जखमा धुवायला कोपरहून येणाऱ्या बायजाबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाल्या, ‘मास्तर, ती चादरीची कड बघा. चावून चावून चिंध्या केल्यात आजींनी. तुम्ही बाहेर वह्या तपासत बसता, म्हणून ओरडत नाहीत त्या.’

आपल्या डॉक्टरांकडे गेलो, तर ते म्हणाले, मॉर्फिनची सवय लागेल. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, चार चमचे पेजेवर जगणाऱ्या बाईला व्यसन लागेल, या काळजीने बिचारे खरोखर व्याकूळ झाले होते. शेवटी मुंबईच्या हॉस्पिटलात तीन खेपा घालून गोळ्या आणल्या. आईने गोळी उलटीपालटी करून पाहिली. ‘अल्सरला मुंबईहून गोळ्या कशाला? मला काही एवढं दुखत नाही.’ आणि तोंड मिटून घेतलं. नऊ दिवस गोळ्या कपाटात पडून होत्या आणि आई चादर चावत होती. खरं सांगितल्याशिवाय ती गोळी घेणार नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मालन. धीर व्हायला नऊ दिवस लागले. हे बायजाबाईंनाही सांगितलेलं नाही.

रविवारी सांगितलं. आईने माझ्याकडे पाहिलं, लहानपणी मी खोटं खोटं पोट धरून शाळा बुडवायचो तेव्हा पाहायची तसं. ‘मधू, जुलैत तपासायला नेलंत त्या हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारच्या बायका काय अल्सरच्या होत्या? तेव्हाच कळलं मला. तुम्ही दोघं एवढ्या मेहनतीने खोटं बोलत होता, दुखतंय म्हणून कसं सांगू?’ मग तिने गोळी घेतली. दुपारी तिचा जबडा सैल पडला, तेव्हा लक्षात आलं, महिनाभर तो आवळलेलाच होता. संध्याकाळी तिने बायजाबाईंकडून वेणी घालून घेतली.

डॉक्टर आता पंधरवडा म्हणतात. मालनला बोलावू का, असं मी आईला विचारलं. ‘नको. आली तर तिला माझ्यासमोर हसत बसावं लागेल. तिला नाही जमायचं ते, आणि मला बघवायचं नाही.’ एवढं बोलून ती भिंतीकडे वळली. पण झोपली नव्हती. तिला न विचारता हे पत्र लिहितोय, ते एवढ्यासाठी. मिळेल त्या गाडीने ये. दारातून थेट तिच्यापाशी जा आणि रडू आलं तर तिथेच रड. तिलाही रडायचं असेल, माझ्यासमोर ती अजून रडलेली नाही.

तुझाच,
मधुदादा