खांबाची कोरी बाजू

३ एप्रिल

प्रिय दादा,

तुला नमस्कार, लेकीला आणि जावईबापूंना आशीर्वाद. मी बरी आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. माझा फक्त टाका सरळ येतो.

तू लेकीकडे गेल्यापासून तुझ्या घरी एक दिवसाआड जाऊन खिडक्या उघडते. वर्कशॉपमध्ये कशालाही हात लावलेला नाही. रंधा होता तिथेच आहे, भुसासुद्धा तसाच आहे. मागे एकदा झाडून ठेवलं होतं तर तू माझ्याशी धड बोलत नव्हतास, ते विसरले नाही मी. दुकानात काम चिक्कार आहे. थंडी सरली की लोकांना एकदम कळतं, मागच्या वर्षीची पँट होत नाही. मग सगळ्यांना कंबर सैल करून हवी असते आणि तीही परवापर्यंत.

शाळेतल्या नव्या बाईंचं सांगते, तुला तेच ऐकायचं असणार. पायाचं प्लास्टर आणखी काही दिवस राहील. बेकरीच्या वरच्या खोलीत खिडकीशी बसून असतात आणि खाली कोण कितीचे पाव नेतो यावर लक्ष ठेवतात. त्यांच्या दोन पँटींची एका बाजूची शिवण उसवून मी बटणं लावून दिली, म्हणजे प्लास्टरवरून घालता येतात. खूष झाल्या. म्हणाल्या, "तुमच्या भावाला सांगा, मी माझ्या पायांनी पडले." तू त्यांना पुलावर म्हणाला होतास ना, आमच्या बाणांवर डोळे मिटून चाला, तेही हसत हसत सांगत होत्या. मला काही हसू आलं नाही.

रविवारी वाटेच्या मंडळाची बैठक झाली. तुझी चिठ्ठी वाचून दाखवली. चूक माझी, रंगाचा डबा परत करतो, यापुढे माझ्यावर काही सोपवू नका. अरे, असं लिहितात का? सगळे खाली बघत बसले. बँकेतला तो नवा कारकून आहे ना, त्यानं विचारलं, एवढ्याशा फेरीला बाण रंगवायला दोन माणसं कशाला? मग मलाच सांगावं लागलं. म्हटलं, वाट गोल आहे. पुलापासून धाकट्या नदीच्या खोऱ्यानं चढायचं, खिंड ओलांडायची, थोरल्या नदीच्या खोऱ्यानं उतरून पुन्हा पुलावर यायचं. दादा असा सुलटा जातो. मी उलटी निघते, थोरलीनं वर आणि धाकटीनं खाली. चालताना समोर खांबाची जी बाजू येते तीच रंगवायची, म्हणजे कुठूनही येणाऱ्याला बाण दिसतो. खिंडीत आम्ही भेटतो, थर्मासमधला चहा पितो आणि आपापल्या दिशेनं पुढे जातो. इतकी वर्षं असंच चाललंय.

तो म्हणाला, "मग धाकटीच्या फाट्यावरचा नवा खांब? चढताना बाण दिसतो, उतरताना बाजू कोरी. ती कोणाची?"

मी म्हटलं, खांब दादानंच बसवला, म्हणून दोन्ही बाजू मीच करतो असं तो म्हणाला होता. तुला सांगितलं होतं तेच सांगितलं. तुला दोष कुणी दिला नाही, हे लक्षात ठेव.

होतं असं, दादा. वय झालं की होतं. परवा मी अर्धा तास कात्री शोधत होते आणि ती माझ्या गळ्यातच अडकवलेली होती. एवढं मनाला लावून घेऊ नकोस. घरी ये.

तुझी,
भिंगरी


१९ एप्रिल

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र परवा आलं. इतकं लहान आणि इतकं जपून लिहिलेलं, की पाकिटावर तुझं नाव नसतं तर दुसऱ्या कुणाचं वाटलं असतं.

तू विचारतोस, दोन्ही बाजूंचं मी नेमकं कुठे म्हणालो, खिंडीत की आधी पुलावर? खिंडीत म्हणालास. चहा पिताना. झालं समाधान? आता पुन्हा पुन्हा तेच उगाळू नकोस. वारा होता, तू टोपी धरून बसला होतास, तुझं निम्मं लक्ष टोपीकडे. माणूस बोलतो आणि विसरतो.

आणि ते शेवटचं वाक्य लिहायची काही गरज नव्हती. "एक तूच मला बोल लावला नाहीस." असलं काही लिहीत जाऊ नकोस मला.

मी काल दुकान बंद ठेवलं आणि एकटीच फेरीला गेले. रंगाचा डबा मंडळानं माझ्याकडे दिलाय. माझ्या नेहमीच्या उलट्या वाटेनं गेले. थोरलीचं पाणी अगदी संथ होतं, दोन बगळे होते आणि दुसरं कुणी नाही. तू समोरून येणार नाहीस हे माहीत असूनही खिंड जवळ आल्यावर मी भराभर चढले. वर बसून चहा प्यायले. एकटीला थर्मास संपत नाही.

मग धाकटीकडे उतरले. खिंडीखाली ते मोठं झाड आडवं झालंय आणि वाट त्याला वळसा घालून जाते, हे मला ठाऊकच नव्हतं. बराच वेळ वाटलं आपण चुकलो. त्या बाजूचे उलटे बाणही फार फिके पडलेत, काहींचं नुसतं टोक उरलंय. या वर्षीचा रंगच वाईट आला असेल.

फाट्याशी पोचले आणि वरून त्या खांबाकडे बघितलं. पांढरं, नवंकोरं लाकूड. खालची जुनी वाट अजून छान मळलेली दिसते आणि तुझी नवीन वाट गवतात दिसतसुद्धा नाही. कुणीही खालीच जाईल. पुराच्या पाण्यानं काठ आतून पोखरलाय हे वरून कसं कळणार? बाई खाली जिथे पडल्या तिथे गवत अजून दबलेलं आहे. मेंढपाळाच्या कुत्र्यानं भुंकून भुंकून माणसं आणली नसती तर, हा विचार करत मी तिथे बराच वेळ बसले होते.

मग बाण काढला. वाकडा आला. पण आहे आता.

लेकीला सांग, तुला रोज थोडं चालायला ने. जेवत जा.

तुझी,
भिंगरी


२६ एप्रिल

दादा,

काल संध्याकाळी तुझ्या लेकीचा फोन आला. ती रडत नव्हती, पण रडून झालं असावं. म्हणाली, "आत्या, बाबा करवतीला हात लावायला घाबरतात. रस्ता ओलांडताना मला विचारतात, गाडी गेली ना? डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. ते म्हणतात, यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. तर बाबा म्हणतात, मग त्या खांबाचं काय? बोललो तेही आठवत नाही, करायचं राहिलं तेही आठवत नाही, आणि तुम्ही म्हणता मी ठीक आहे." शनिवारी तुझी हत्यारं बघायला कुणी येतोय, वर्कशॉप सोडायचं तू ठरवलंयस, हेही तिनंच सांगितलं.

दादा, ती बाजू माझी होती. तू विसरला नाहीस.

आता थांबले तर पुन्हा काहीतरी गुळमुळीत लिहीन, म्हणून एका दमात सांगते. त्या दिवशी मी खिंडीच्या पुढे गेलेच नाही. थोरलीकडची माझी बाजू पुरी केली, वर आले, तुझ्याबरोबर चहा प्यायले. तू माझा खिंडीतला बाण बघून म्हणालास, "भिंगरे, हा बाण आहे की कोंबडीचा पाय?" दर वर्षी काहीतरी म्हणतोसच आणि दर वर्षी मी तुला चार शब्द परत सुनावते. त्या दिवशी गुडघा ठणकत होता आणि मला ते झोंबलं. तू थोरलीकडे उतरलास. मी धाकटीकडे वळल्यासारखं केलं, तू दिसेनासा होईपर्यंत थांबले, आणि खिंडीतल्या रस्त्यानं दुधाची गाडी येत होती तिला हात केला. मनात म्हटलं, उलटं जातंय कोण? मागच्या वर्षीचे बाण आहेत की. नवा खांब माझ्या ध्यानातसुद्धा आला नाही. घरी गेले, पाय धुतले, गुडघ्याला तेल लावलं आणि तू यायच्या आधी पुलाच्या कठड्यावर जाऊन बसले. तू लांबूनच हसलास. म्हणालास, "आज भिंगरी जिंकली." मी म्हटलं, हो.

इथपर्यंत आळस होता, दादा. आळस माणसाला माफ होत असेल.

पण बाई पडल्यावर तू खांब बघून वर्कशॉपमध्ये आलास आणि मला विचारलंस, "तुझी बाजू कोरी कशी?" तू रागावलेला नव्हतास. तुला नुसतं कळत नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "तूच म्हणालास ना, दोन्ही बाजू मी करतो म्हणून?" कुठून सुचलं देव जाणे. मला वाटलं तू भडकशील, म्हणशील, काहीतरी बरळू नकोस. मग मी कबूल केलं असतं, खरंच केलं असतं असं मी स्वतःला रोज सांगते. पण तू बाकावर बसलास. हातातली पेन्सिल खाली ठेवलीस आणि म्हणालास, "म्हणालो असेन." माझ्यावर विश्वास ठेवलास आणि स्वतःवर ठेवला नाहीस. मी ते बघत उभी राहिले. मग बैठकीत सगळ्यांसमोर तेच बोलले. मग तू पत्रातून विचारलंस, तर मी वारा आणला, टोपी आणली. खोट्याला अस्तर लावत बसले.

आज सकाळी बाईंकडे गेले आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी विचारलं, "भावाला कळवलंत?" मी म्हटलं, अजून नाही. तर म्हणाल्या, "मग आधी माझ्याकडे कशाला आलात? माझा पाय भरून येतोय." आणि खिडकीकडे तोंड वळवलं. मी खाली उतरले आणि तडक घरी येऊन लिहायला बसले. मंडळाला रविवारी सांगणार आहे. रंगाचा डबा तुझ्या वर्कशॉपमध्ये ठेवते. माझ्या हातात तो नको.

माफ कर असं लिहिणार होते. पण माफ करायचं म्हटलं की तू आधी माझ्याच बाजूनं बोलायला लागशील. बिचारीचा गुडघा, बिचारी एकटी असते. तसलं काही करू नकोस. रागाव. हवं तर बोलू नकोस, पण घरी येऊन बोलू नकोस.

हे पत्र लेकीला वाचायला दे. डॉक्टरांना दाखव. शनिवारी जो माणूस येणार आहे, त्याला आल्या पावली परत पाठव. तुझं डोकं जाग्यावर आहे. तुला ते बोलणं आठवत नाही, कारण ते झालंच नाही. खांबाबद्दल तू खिंडीत एक अक्षर बोलला नव्हतास.

बोलला होतास ते वेगळंच. ते मला शब्दन् शब्द पाठ आहे, आणि तुलाही आठवत असणार. चिडवून झाल्यावर मी बूट काढून गुडघा चोळत होते, ते तू बघितलंस. म्हणालास, "दुखत असेल तर तू घरी जा. तुझी बाजू मी उद्या येऊन करीन." आणि मी म्हटलं, काही नको, माझी मी करते.

तुला जे आठवतं, तेच खरं आहे.

तुला खोटं पाडणारी,
तुझी बहीण