हिलारियाचा घागरा

१४ जून
सुल्ला आज पुन्हा तोंडावर थुंकली! हिरवं, आंबट. तोंडाला चढवायची म्होरकी दिसली की हिची मान ताठ, कान मागे. सगळ्या कळपात हीच पुढे चालते, म्हणून हिलाच दोराने चालायला शिकवायचं. पण अल्पाकांना माझी सवय नाही. मी आयुष्यभर खाणीत – कळप बायकोचा, हिलारियाचा.

ती खाली पोरीकडे आहे. डोळे परत येणार नाहीत, डॉक्टर म्हणाले. देलिया फोनवर – "बाबा, कळप विका नि दोघं इकडे या. आंधळी आई चरायला नेणार का?" सुल्ला नेईल, मी म्हणालो. आईच्या हातात दोर देऊ. बोलून बसलो! नाही जमलं तर?

१७ जून
वारा. कोणीच जवळ आलं नाही.

१९ जून
म्होरकी चढवली एकदाची. सुल्ला मटकन खाली बसली, तोंड उघडून धापा टाकायला लागली. मला वाटलं, मेली! बघतो तर पट्टा घसरून नाकाच्या मऊ भागावर. तिथे हाड नाही. वर, डोळ्यांजवळ ओढला – उठली. म्हणजे हट्ट नव्हताच, दम कोंडला होता. खाणीत मीही असाच बसायचो. मुकादम आळशी म्हणायचा.

२४ जून
सुल्लाला हिलारियाच वाटावी म्हणून तिचा घागरा घातला. हो, घातला! टोपीही. सुल्ला आली, हुंगलं, गुणगुणली – म्म्म. काय विचारत असेल? मीही म्म्म केलं. कान पुढे झाले तिचे!

शेजारचा फोर्तुनातो कुंपणावरून – "काय गं वहिनी, मिशा कधी फुटल्या? गारठवलेले बटाटे तुडवून पाणी काढायला येतेस का, बायकांबरोबर?"
"हळू बोल, बुजेल ती."
"ती कसली बुजते! तूच थरथरतोयस."

२ जुलै
दोर ताणला की पाय रोवते, सैल सोडला की येते. घागरा काढून गेलो तर ओळख देईना. चेहरा ओळखते की वास? करून बघतो – आधी टोपी काढायची, मग घागरा नुसता खांद्यावर.

११ जुलै
आज नुसता मी. आली!!

१५ जुलै
देलिया आईला घेऊन आली. घागरा घडी करून ठेवला होता. हिलारियाने हुंगला – "याला तू चघळतोस त्या कोकाच्या पानांचा वास कसा रे?" मी घागरा काढून घेतला. देलिया म्हणाली, "उद्या बघते. नाही जमलं तर आई माझ्याबरोबर."

१६ जुलै
दोर हिलारियाच्या हातात दिला. तिने चाचपडत म्होरकीच सोडून माझ्या हातात दिली! मी ओरडलो. सुल्ला म्म्म करत निघाली, काठी टेकत ही त्या आवाजामागे. सगळा कळप मागून. देलिया बघत राहिली, मग एकटीच बसकडे गेली. म्होरकी माझ्या हातात तशीच. हिलारिया वळून म्हणाली – "तुझ्याच गळ्यात बांध, म्हाताऱ्या. बुजरा तूच आहेस. चल."