आज काय भाजी होती

केडगाव,
दि. ८ ऑक्टोबर २०२५

चि. हर्षल यास ताईचे खूप आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी आई-आण्णा, सगळे धडधाकट आहेत. मी फोन केला की तू 'ताई, मीटिंगमध्ये आहे' म्हणून ठेवून देतोस. कागदाला मीटिंग सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

परवा माहेरी, देवळालीला जाऊन आले. आईचे गुडघे कुरकुरतायत, पण बाई बसायला तयार नाही. काळी गाय व्यायली, कालवड झाली. ऊस यंदा बरा आहे. सहादेवकाका नेहमीसारखे गावभरची कामं करत फिरतात, स्वतःची सोडून. दिवाळीला तुला सुट्टी नाही हे ऐकून आई 'बरं' म्हणाली आणि तिने चकलीची भाजणी निम्मी केली.

तुझ्या फ्लेक्सची आठवण निघाली. कॉलेजातून कंपनीने निवडल्याचं पत्र तुझ्या हातात पडलं नाही तोच काकांनी स्टँडवर भला मोठा फ्लेक्स लावला. रुजू व्हायला अजून वेळ होता, पण आपल्याकडे थांबतंय कोण? शाल, नारळ, फेटा, सगळं उरकून घेतलं. फोटोतला कोटही तुझा नव्हता, स्टुडिओवाल्याने मुंडक्याखाली चिकटवलेला. खाली शुभेच्छुकांची रांग, आणि त्यात आण्णा टोपी सारखी करताना टिपलेले.

तो फ्लेक्स आता स्टँडवर नाही. वाऱ्याने फाटला, असं आण्णा सगळ्यांना सांगतात.

वारा नव्हता, हर्षल.

आता फिरवून बोलत नाही. गणपती उठल्यावर आण्णा तुला न कळवता पुण्याला आले होते. तुला कंपनीच्या गेटवर गाठून चकित करायचं होतं त्यांना. आईने बेसनाच्या लाडवांचा डबा दिला होता. परतताना ते मध्येच केडगावला एसटीतून उतरले आणि माझ्याकडे आले. डबा तसाच होता. पाणी प्यायले आणि म्हणाले, "गेटवरल्या मानसानं यादी पाह्यली. म्हनला, ह्या नावाचं कुनी न्हाई. म्या म्हनलं, नीट पाहा. त्यानं परत पाह्यली. मंग म्हनला, बाबा, कालेजातून निवडलेली पोरं औंदा घेतलीच न्हाईत. समद्यांना मेल गेलाय."

मी रडायला लागले तर मलाच रागावले. "त्याला काय बी बोलू नको. लाज वाटून खोली बदलंल, मंग कुठं हुडकायचा त्याला? आन् तुझ्या आईला तर कळूच देऊ नको."

लाडू माझ्या पोरांनी खाल्ले.

रोज संध्याकाळी तू घरी फोन करतोस. आण्णा विचारतात, "आज कॅन्टीनला काय भाजी हुती?" आणि तू सांगतोस, कधी भेंडी, कधी पनीर. परवा मी तिथेच होते, फोन स्पीकरवर होता. तू ठेवलास आणि आई समाधानाने आत गेली. मी आण्णांना हळूच म्हटलं, सगळं ठाऊक असून कशाला विचारता? तर म्हणाले, "भाजीचं नाव त्यो पटकन सांगितो का इचार करून, ते ऐकतो. लई इचार केला की समजायचं, पोरगं उपाशी हाय."

परवा तू बराच वेळ विचार केलास, हर्षल.

तू कुठे कुठे अर्ज टाकतोस, मुलाखतीला बोलावतात की नुसतं 'कळवू' म्हणतात, मला काही माहीत नाही. तू कुठे कमी पडलास असं मला एकदाही वाटलेलं नाही. राग येतो तो याचा, की एवढं सगळं एकट्याने सोसत बसलास आणि वर आम्हाला पनीर ऐकवलंस. तुझे दाजी म्हणतात, नागापूरला त्यांच्या कारखान्यात ट्रेनी घेतायत. पगार सांगण्यासारखा नाही, काम तुझ्या शिक्षणाचं नाही. नको म्हणालास तरी चालेल. अर्ज घरी बसूनही करता येतात.

फ्लेक्स कुठे गेला तेही सांगते. आण्णांनी तो गोठ्याला बांधलाय, पावसाची झड येते त्या अंगाला. बाहेरून नुसता पांढरा दिसतो, गावाला काही कळत नाही. छापील बाजू त्यांनी आत घेतलीय. धार काढायला बसले की तू बरोबर त्यांच्या समोर येतोस, कोट घालून.

वसुबारसेला ये. कालवडीला ओवाळायचंय, आणि आईची भाजणी अजून वाढवता येईल.

हे पत्र मिळेल त्या संध्याकाळीही आण्णा विचारतीलच. भाजीचं नाव शोधत बसू नकोस. "जेवलो नाही, आण्णा," एवढंच म्हण. पुढचं ते बघतील.

डोळे रस्त्याकडे लावून बसलेली,
तुझी ताई