लाल साडीची चौकशी

६ फेब्रुवारी

मुहूर्त आला. व्हॉट्सअ‍ॅपवर! ज्योतिषी आता घरी येत नाहीत, आवाज पाठवतात. वहिनीने तो आवाज उभं राहून, हात जोडून ऐकला. फोनला हात जोडून! नवरा-नवरीने पोरुव्यावर, लग्नाच्या सजवलेल्या चौथऱ्यावर, चढायचं ते उत्तरेकडे तोंड करून. हॉटेलचा फोटोग्राफर म्हणतो, उत्तरेकडून उजेड नाही, तोंडं काळी येतील. आता ग्रहांनी सरकायचं की खिडकीने, यावर दादा-वहिनी जेवणं होईपर्यंत भांडत होते.

पुलस्ती नुसता हसला. "आत्या, लिहून ठेव हे सगळं!" जन्म वहिनीने दिला असेल, पण त्याची अक्षरं मी गिरवून घेतली. 'का?' म्हणून विचारायला मी शिकवलं. आता कोलंबोत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. या घरात डोकं ठिकाणावर असलेली दोनच माणसं. तो आणि मी.

९ फेब्रुवारी

लग्नाआधीचे फोटो. भाड्याची बैलगाडी, भाड्याचं शेत, नवऱ्या मुलीच्या कमरेवर भाड्याचं मडकं. देवमिनी बँकेत नोकरी करते, घरी नळ आहे. पुलस्तीने सरोंग नेसला आणि खाली पांढरे बूट! आमचे आजोबा जन्मभर खऱ्या चिखलात उभे होते, त्यांचा एकही फोटो नाही.

मुलगी मला आवडली. फोटोवाला म्हणाला, "जरा लाजा ना!" ती म्हणाली, "कशाची लाज वाटू दे ते सांगा, मग लाजते."

१२ फेब्रुवारी, पोया म्हणजे पौर्णिमा

सगळं घर पांढऱ्या कपड्यांत विहारात. लग्न निर्विघ्न व्हावं म्हणून वहिनीने बोधिवृक्षाला पाणी घातलं, दिवे लावले, पंचशील घेतलं. परतताना गाडीत शेजारणीच्या सुनेची चिरफाड सुरू. शील कुरुनेगल गावातल्या घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंतसुद्धा टिकलं नाही.

१७ फेब्रुवारी

लग्नानंतर दोघं नुवारा एलियाला जाणार आहेत. वहिनी त्यांची बॅग भरत होती. स्वेटर, टॉवेल आणि तळाशी एक कोरी पांढरी चादर.

"हॉटेलात चादरी नसतात का, वहिनी?"

"असतात." मान खाली.

मग लक्षात आलं. अजून?! छपरावर डिशची थाळी, खिशात दोन-दोन फोन, आणि मुलगी 'नीट' आहे की नाही ते चादरीवर बघायचं! डाग दिसला तर सून घरच्या सोहळ्याला लाल साडी नेसून येणार. नाही दिसला तर दुसरा कुठलाही रंग. म्हणजे तीनशे पाहुण्यांना ताट हातात घ्यायच्या आधीच निकाल कळला!

मी बोलले. खूप बोलले. प्रत्येकीला रक्त येतंच असं नाही, हे शाळेतल्या पोरींनाही माहीत असतं. तुम्हाला नाही?

वहिनी एकच वाक्य बोलली. "तुमचं लग्न झालं नाही, वन्सं. तुम्हाला नाही कळायचं."

लग्न न झाल्याचा आज प्रथमच अभिमान वाटला.

२० फेब्रुवारी

झालं एकदाचं. पुलस्ती कँडीच्या जुन्या सरदारासारखा सजला होता. चौकोनी टोपी, पोटाभोवती वारच्या वार कापड. संडासला न्यायला दोन मित्र लागले. अष्टक म्हणणारा गालाला माईक चिकटवून आला होता. आशीर्वाद देतोय की विमान सुटल्याचं सांगतोय, कळेना. केक पाच मजली, त्यातले चार मजले थर्मोकोलचे! पाहुण्यांना आधीच कापलेल्या तुकड्यांची डबी.

तोंडं शेवटी पूर्वेला केली. ग्रहांनी ऐकलं फोटोग्राफरचं.

दोघांच्या करंगळ्या दोऱ्याने बांधून वरून पाणी सोडलं, तेव्हा मात्र माझे डोळे भरले. लिहिलं तर लिहिलं. खोडत नाही.

२१ फेब्रुवारी

वहिनी दिवसभर फोनकडे बघत होती. मी तिच्याशी बोलत नाही.

२२ फेब्रुवारी

जोडपं आलं. देवमिनी चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात माझ्यापाशी येऊन बसली.

"आत्या, ती चादर मी उघडलीच नाही. घडी तशीच परत आणली."

"पुलस्ती काय म्हणाला?"

"अम्मांनी दिली आहे म्हणाला. एवढंच."

"मग उद्या गं?"

"निळी नेसणार. लाल नेसले तर त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिल्यासारखं होईल. मला प्रश्नच मान्य नाही."

शाबास! असं बोलायला मला साठ वर्षं लागली. पुलस्ती लांब फणसाखाली फोन चोळत उभा होता, आमच्याकडे फिरकला नाही. आईची लाज वाटत असणार बिचाऱ्याला.

२३ फेब्रुवारी

निळी साडी. मोरपंखी, जरीची. ती मांडवात आली आणि सगळ्या बायकांच्या नजरा साडीवर. मग कुजबुज. मग माना वळवून वळवून पाहणं. दादाची चुलत बहीण मल्लिका लगेच पुढे. "रंग झकास आहे हो! पण आज नेसतात तो वेगळा."

मी म्हटलं, "अगं, तू लाल नेसली होतीस, आठवतंय मला. आणि थोरला सातव्या महिन्यात झाला, चांगला गुटगुटीत!" पुढे जेवण होईपर्यंत मल्लिका दिसली नाही.

देवमिनीची आई भात चिवडत बसली होती, घास काही उचलेना. देवमिनी मात्र टेबलाटेबलापाशी जाऊन हसून बोलली. एकटी. पुलस्ती एकाही टेबलापाशी तिच्याबरोबर गेला नाही.

मला राहवेना. चार बायकांसमोर वहिनीला म्हटलं, "झालं समाधान? तुमच्या एका चादरीपायी पोराचं तोंड बघा कसं झालंय!"

तिने ऐकून घेतलं. भाताच्या भांड्यावर झाकण ठेवलं. ऐकून घेईल नाही तर काय करेल? तोंड कुठे आहे बोलायला?

२४ फेब्रुवारी

देवमिनी गेली. आईबरोबर, माहेरी मातले गावी, सगळं सामान घेऊन. तिची बॅग वहिनीने व्हॅनपर्यंत नेली, मला हात लावू दिला नाही. आत येऊन नारळ खवायला बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली—

"चादर माझी नव्हती, वन्सं. त्याचा फोन आला होता. अम्मे, तू दे, तुझ्या नावावर खपेल. मी दिली तर ती मला मागासलेला समजेल. काल पाहुणे गेल्यावर त्याने शेवटी स्वतःच विचारलं तिला."

"मग माझं एवढं का ऐकून घेतलंत?"

"तुमचा जीव आहे ना त्याच्यावर."

व्हरांड्यातून हाक आली. "आत्या, चहा!"

आम्ही दोघीही उठलो नाही.