लोखंडाची आंघोळ

बाबा, तो पिक्चर मी गेल्या आठवड्यात परत बघितला. आपल्या घणसोलीच्या घरी सत्यनारायणाच्या पूजेला व्हिडिओवर लावला होता, तोच. आता पडद्याखाली अक्षरं येतात, त्यामुळे एकेक वाक्य कळलं. संपल्यावर मी टीव्ही बंद केला. लाज वाटली रे, दुसरं काय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी वाटली.

तेव्हा गावात पूजा म्हटली की टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं यायचाच. काकानं देवाचा पिक्चर मागितला होता, डब्यावर देवाचंच चित्र होतं, आत कॅसेट निघाली इंग्रजी! आकाशातलं शहर आणि त्यात लोखंडाची माणसं. बाया हात जोडून बसल्या होत्या, त्या तशाच बसून राहिल्या. दुपारची जेवणं झालेली, कॅसेट बदलायला वाशीला कोण मरायला जातंय? तेवढ्यात तू उठलास. "माझी पोर कॉलेजान जाते. ती सांगल आपल्याला सगला." काय ती तुझी ऐट! मी टीव्हीशेजारी उभी राहिले. समोर सगळं गाव, आणि वाशीच्या फ्लॅटमधली माझी मैत्रीण, प्रसादाला आलेली.

मला त्यातलं काहीएक कळत नव्हतं. कॉलेजात पुस्तकातलं इंग्रजी वाचता यायचं, पण ही माणसं तोंडात सुपारी धरल्यासारखी बोलत होती. मी आपली चित्रं बघून ठोकून देत होते, आणि तू मान डोलवत होतास. शेवटी तो म्हातारा कारागीर येतो, ज्यानं त्या लोखंडाच्या नोकराला बनवलेलं असतं. नोकर जुना झालाय, त्याला बंद करायचा हुकूम आहे. बंद पडायच्या आधी तो काहीतरी विचारतो. म्हातारा आपला सदरा काढून ओला करतो आणि त्याच्या हातांवरचं तेल पुसत बसतो.

"आंघोल घालतंय त्याला," तू म्हणालास. "मेलेल्याला घालतान तशी. काय विचारला गो त्यानं? त्याचेन जीव हाय का?"

तू का विचारत होतास ते मला ठाऊक होतं. कारखान्यातली पत्रा दाबायची तुझी प्रेस दसऱ्यानंतर भंगारात जाणार होती. अठरा वर्षं तू एकट्यानं ती चालवलीस. दर दसऱ्याला तिला कुंकू, झेंडूचा हार, नारळ. ती तोडायच्या आधी तिचं काही करायचं असतं का, एवढंच तुला हवं होतं, आणि ते तू भटजीला सोडून मला विचारत होतास. पण मैत्रीण गालात हसली, आणि माझं तोंड सुटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तुला अहो-जाहो केलं. "अहो बाबा, कसला जीव नि कसलं काय! भंगारात द्यायच्या आधी पुसतात तसं पुसतोय. तुमच्यासारखे लोखंडाला कुंकू लावतात ना, त्यांनाच हसलेत या पिक्चरमध्ये." सगळे खो-खो हसले. तूही हसलास, थोडं उशिरा.

त्या दसऱ्याला आईनं तुझ्या पिशवीत नारळ ठेवला, तो तू काढून परत तिच्या हातात दिलास. "लोखंडाला काय कलतं?" म्हणालास आणि कामावर गेलास. पुढच्या आठवड्यात प्रेस तोडली. तू ते घरात सांगितलंही नाहीस, मला बाहेरून कळलं. त्यानंतर तू मला कधी काही विचारलं नाहीस. साधं औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय तेसुद्धा शेजारच्या मुलाकडून वाचून घ्यायचास.

तर आता ऐक, तो काय विचारतो. तो विचारतो, "मी बंद पडल्यावर माझ्यासाठी कुणी प्रार्थना केली तर चालेल का?" म्हाताऱ्याचा देवावरचा विश्वास केव्हाच उडालेला असतो. म्हणून प्रार्थनेऐवजी तो त्याला आंघोळ घालतो. आंघोळच, बाबा. तुला एक अक्षर न कळता कळलं होतं. असले पिक्चर मी पुढे पुष्कळ बघितले. विमानं, ग्रह, झगमगाट काही असो, आत प्रश्न हाच असतो, की जीव कुठून सुरू होतो आणि ज्यानं घडवलं त्याचं घडवलेल्याशी नातं काय. कॉलेजात शिकवायला लागल्यावर मी तासाला यावर बोलायचे, आणि मुलं पेंगायला लागली की तुझा किस्सा सांगायचे. अडाणी बाप आणि त्याची प्रेस. हमखास हशा यायचा. मला इंग्रजी कळलं नव्हतं, एवढं मात्र गाळायचे.

हे पत्र कुठे जायचं नाही, माझ्या कपाटातच राहील. पण आज सकाळची गोष्ट तुला सांगायलाच हवी. मी नारळ घेतला आणि तुझ्या कारखान्याच्या जागी गेले. तिथे आता काचेची मोठी इमारत आहे. बाहेरच्या कट्ट्यावर ठेवून हात जोडायचे, एवढंच करायचं होतं. वॉचमननं विचारलं, "मॅडम, किसको मिलना है?" आत-बाहेर करणारी पोरं माझ्याकडे, पिशवीतून डोकावणाऱ्या शेंडीकडे बघत होती. "किसीको नहीं," म्हणाले आणि रिक्षा करून घरी आले.

संध्याकाळी त्या नारळाची चटणी केली, बाबा.