आईची उंची

प्रिय चिमणे,

अक्षर वेडंवाकडं आलंय, चालवून घे. उजव्या मनगटाचं प्लास्टर परवाच निघालं. पडले म्हणजे काय, दुकानाच्या पायरीला ठेचकाळले आणि हात टेकला, एवढंच. शिवणारीचा हात मोडला म्हणजे मशीन बंदच. सहा आठवडे तोंडाचा पट्टा तेवढा चालू होता.

हाडांच्या डॉक्टरीणबाई फोटो बघून म्हणाल्या, एवढ्याशा पडण्यानं हाड मोडायला नको होतं. मग हाडांची घनता मोजायला पाठवलं. काही दुखत नाही गं, नुसतं पडून राहायचं आणि वरून यंत्र सरकत जातं. आकडा वाईट आला. पण आकड्यापेक्षा बाईंच्या प्रश्नांनी मला गाठलं. पाळी कितव्या वर्षी गेली? स्टेरॉइडच्या गोळ्या कधी बरेच दिवस घेतल्या का? पहिल्यापासून अशाच बारीक का? घरात कुणाचा खुबा मोडला होता? मी म्हटलं, आईचा. तर म्हणाल्या, "त्याआधी त्यांची उंची कमी झाली होती का?"

झाली होती. ते फक्त मलाच ठाऊक होतं. आईचे गाऊन मीच शिवायचे ना. खांद्यापासून घोट्यापर्यंत आधी पन्नास इंच, मग एकोणपन्नास, शेवटी साडेसत्तेचाळीस. दर खेपेला मी कापड कमी घ्यायचे आणि म्हणायचे, "आई, जमिनीत चाललीस की काय?" ती हसून म्हणायची, "जायचंय तिकडंच, सवय करतेय." पाठ दुखायची तिची. मी मलम चोळायचे आणि वयाच्या माथी मारायचे. तिचे मणके एकेक करून दबत होते, हे आता कळलं. तेव्हा तपासलं असतं तर औषध होतं म्हणे.

तू म्हणाली होतीस एकदा, "ताई, आई वाकलीय गं, दाखवू या कुणाला तरी." मी उडवून लावलं. चार दिवसांची पाहुणी, मला काय शिकवतेस, म्हणून.

आणि पुढं ती तुझ्याच घरी पडली. दवाखान्याच्या जिन्यात, सगळ्यांदेखत मी तुला म्हटलं, "तुझ्या ओल्या फरशीनं घात केला." तू एक शब्द बोलली नाहीस. आई गेली, तीन वर्षं झाली, अजून बोलत नाहीस. चिमणे, फरशी ओली नव्हती. आईनंच मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं, "घसरले नाही गं, नुसती वळले आणि खाली आले." हे माहीत असून मी तुला बोलले आणि नंतरही तसंच राहू दिलं. माझ्या हातून निसटलेलं तुझ्या पदरात टाकलं, म्हणजे मला झोप लागेल असं वाटलं होतं. नाही लागली.

माफी मागायला तोंड नाही मला. हे पत्र त्यासाठी नाहीच. तुझी पाळी बेचाळिसाव्या वर्षी गेली. दम्यासाठी वर्षानुवर्षं तू त्या गोळ्या खातेस. अंगानं काडी आहेस, आणि आई तुझीही होती. तिथं बसल्या बसल्या मला कळलं, बाई प्रश्न मला विचारताहेत, पण उत्तरं तुझी आहेत. गोळ्या मनानं बंद करू नकोस, तुझ्या डॉक्टरांना विचार, आणि याच आठवड्यात हाडं तपासून घे. मला उत्तर लिहू नकोस हवं तर. पण जा.

तुझीच, तुझी गुन्हेगार,
ताई